फ्रीजरला भोक, इंडक्शनला तडा, गीझर थंड: पाहुण्यांकडून नेमकं किती मागायचं?

प्रश्न: नागावला आमचा दोन बेडरूमचा बंगला आहे, आम्ही पुण्यात राहतो. शनिवार-रविवारी एअरबीएनबीवरून आठ जणांचा ग्रुप येऊन गेला. सोमवारी केअरटेकरचा फोन आला: फ्रिज थंड होत नाही, फ्रीजरमध्ये सुरी लागल्याची खूण आहे, इंडक्शनच्या काचेला तडा गेलाय आणि गीझरचं पाणी तापत नाही. पाहुणे म्हणतात, "आम्ही काही केलं नाही, आधीपासूनच असं होतं." फ्रिज चार वर्षांपूर्वी १६,००० ला घेतला होता. आता डबल डोअर फ्रिज, इंडक्शन आणि गीझर नवे घ्यायचे तर ३९,००० रुपये होतात. हे पैसे कसे वसूल करायचे?

उत्तर:

ताई, ३९,००० मागू नका. तेवढे मिळणार नाहीतच, पण ते मागितल्यामुळे जे रास्तपणे मिळू शकतात तेही अडकतील. सुक्याबरोबर ओलंही जळतं. तुमच्या यादीत तीन वस्तू आहेत आणि तिन्हींची कहाणी वेगळी आहे. एक बहुतेक पाहुण्यांनीच बिघडवली आहे, एकीबद्दल तपासल्याशिवाय सांगता येणार नाही आणि एक पाहुण्यांच्या माथी मारणं चुकीचं ठरेल. एकदा गीझरचे पैसे मागितलेत आणि तो क्षारांनी गेलाय हे समोर आलं, की फ्रीजरचं भोकही खोटं वाटायला लागतं.

मी अलिबाग-मुरूड पट्ट्यात लोकांचे बंगले सांभाळतो. पाहुण्यांनी मोडतोड केली अशी तक्रार मालकाकडून आली की माझं पहिलं काम पाहुण्यांना फोन करणं नसतं, मेकॅनिकला बोलावणं असतं. वस्तू कशाने गेली हे कळल्याशिवाय कुणी बिघडवली या प्रश्नाला अर्थ नाही.

फ्रिजपासून सुरुवात करू. सिंगल डोअर, डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये फ्रीजरचा जो चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा दिसतो, तो नुसता खोका नसतो. त्या पत्र्यातच गॅसच्या वाहिन्या फिरवलेल्या असतात. बोट फिरवलंत तर उंचवटे हाताला लागतात. त्यावर बर्फाचा थर चढतो, ट्रे चिकटून बसतो, शनिवारी रात्री कुणाला तरी ग्लासात बर्फ हवा असतो आणि ओट्यावर सुरी असते. टोक आत गेलं की फस्स असा आवाज येतो, गॅस निघून जातो आणि त्यानंतर कॉम्प्रेसर कितीही वेळ चालला तरी फ्रिज थंड होत नाही. ही खूण लपत नाही. भोकाच्या कडा आत वळलेल्या असतात, शेजारी एकदोन ओरखडे असतात आणि बऱ्याचदा तिथे किंचित तेलकटपणा येतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं बाहेर पडतं. पत्रा गंजून गळती झाली असेल तर टोकदार भोक दिसत नाही, पांढुरकी पूड आणि बारीक खड्डे दिसतात. किनाऱ्यावरच्या घरांत तेही होतं, म्हणून टॉर्च लावून जवळून फोटो काढायला सांगा. बोटाशेजारी भोक, असा एक फोटो हवाच, म्हणजे आकार कळतो.

इथे एक सुरक्षेची गोष्ट. फ्रिजच्या मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील आहे. प्रमाण थोडंच असतं, सोमवारपर्यंत तो उडूनही गेला असेल. तरी केअरटेकरला खिडक्या उघडायला सांगा, फ्रिजचा प्लग काढून ठेवू द्या आणि मेकॅनिकला फोनवरच गॅसचं नाव सांगा. सगळ्यांकडे त्या गॅसचं काम करायची तयारी नसते.

आता पुरावा. पाहुणे आधीपासूनच असं होतं म्हणतात, तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की ते येण्याआधी फ्रिज चालू होता का. शुक्रवारी केअरटेकरने साफसफाईनंतर व्हिडिओ काढला असेल आणि त्यात ट्रेमधला गोठलेला बर्फ दिसत असेल, तर वाद तिथेच संपतो. फ्रिजचा दिवा लागलेला दिसून उपयोग नाही, गॅस गेला तरी दिवा लागतो. व्हिडिओ नसेल तर अ‍ॅपमधले मेसेज पुन्हा वाचा. शनिवारी दुपारी आल्या आल्या कुणी "फ्रिज थंड नाही" असं लिहिलं होतं का? लिहिलं असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, हे आत्ताच मान्य करा. काहीच लिहिलं नसेल, आणि आठ जण दोन दिवस राहून फ्रिजबद्दल एक अक्षर बोलले नसतील, तर तेही तुमच्या बाजूने बोलतं. आधीच्या पाहुण्यांनी जाताना काय म्हटलं, केअरटेकरने शुक्रवारी आत दूध ठेवलं होतं का आणि ते शनिवारी कसं होतं, हेही विचारा.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे मागवू नका. तसे पाठवलेल्या फोटोतून तारीख-वेळेची मूळ नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, किंवा केअरटेकरच्या फोनवरून थेट ड्राइव्हवर चढवा. मूळ फोटो त्याच्या फोनमधूनही पुसू देऊ नका.

मग मेकॅनिकचा कागद. "फ्रिज खराब, ४,८०० रु." एवढंच खरडलेली चिठ्ठी कामाची नाही. त्यावर तारीख हवी, फ्रिजचं मॉडेल आणि सिरियल नंबर हवा, भोक कुठे आहे आणि ते कशामुळे पडलं असं त्याला वाटतं हे एका ओळीत हवं, दुरुस्ती होते की नाही हे हवं, आणि सामान, गॅस, मजुरी असे आकडे वेगळे हवेत. खाली दुकानाचा शिक्का आणि फोन नंबर. बहुतेक मेकॅनिक असं लिहून द्यायला कुरकुरतात. त्यांना मजकूर तुम्हीच सांगा, पण कारण त्यांच्या तोंडचं घ्या. आणि हो, मालक पुण्यात आहे आणि पैसे पाहुण्यांकडून यायचेत हे कळलं की आकडा आपोआप फुगतो. कारण न सांगता दुसऱ्या दुकानात फोनवर भाव विचारून घ्या.

अशा फ्रिजला फ्रीजर बदलून, गॅस भरून साधारण साडेतीन ते साडेपाच हजार खर्च येतो. काही जण भोक एपॉक्सीने बुजवून गॅस भरतात. ते स्वस्त पडतं, पण आत ओलावा गेलेला असेल तर महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा रडगाणं. समजा मेकॅनिक म्हणाला, दुरुस्ती होत नाही. तरी नव्या डबल डोअरची किंमत पाहुण्यांकडून मागता येत नाही. तुमचा फ्रिज १६,००० चा होता आणि चार वर्षं चालला होता. मी आयकराच्या हिशेबातला यंत्रसामग्रीचा दर धरतो, दर वर्षी उरलेल्या किमतीवर १५ टक्के घट. १६,००० चे १३,६००, मग ११,५६०, मग ९,८२६, आणि चौथ्या वर्षाअखेर ८,३५२. कायद्याने पाहुण्याला हाच दर लागतो असं नाही. पण समोरचा "हा आकडा आणला कुठून?" असं विचारतो तेव्हा उत्तर तयार असतं आणि घासाघीस तिथे थांबते. तेव्हा दुरुस्तीचा खर्च किंवा आजची उरलेली किंमत, यांत जे कमी ते मागायचं. तुमच्या बाबतीत बहुधा ते ४,८०० च्या आसपास येईल.

इंडक्शनची काच. तडा कुठून सुरू झालाय ते पाहा. वरून भांडं आपटलं असेल तर सहसा एक बिंदू सापडतो, तिथे कपचा उडालेला असतो आणि त्यातून रेषा चहूकडे फुटलेल्या असतात. कडेपासून निघालेली एकच वाकडी रेष असेल आणि असा बिंदू कुठेच नसेल, तर काच बसवताना राहिलेला ताण, जुनी चीर, तापलेल्या काचेवर सांडलेलं गार पाणी, असं काहीही असू शकतं. कपचा दिसत असेल तर मागा, नसेल तर सोडून द्या. बऱ्याच मॉडेलची नुसती काच बदलून मिळते आणि ती नव्या इंडक्शनपेक्षा बरीच स्वस्त पडते, त्यामुळे यासाठी अख्खी शेगडी मागणं शोभत नाही. तोवर ती वापरू मात्र देऊ नका. तड्यातून पाणी आत सर्किटवर जातं.

गीझर तर विसराच. नागावच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी किती क्षारांचं आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. एलिमेंट काढून बघायला सांगा. त्यावर चुन्यासारखा पांढरा जाड थर असेल आणि त्या थराखाली नळी फुटलेली असेल, तर ते दोन दिवसांत झालेलं नाही. उष्णता थराबाहेर जाऊ शकत नाही, एलिमेंट आतल्या आत तापत राहतं आणि एक दिवस जातं. तो दिवस नेमका या पाहुण्यांच्या वाट्याला आला, एवढंच. आठ जणांनी सकाळी ओळीने आंघोळी केल्या म्हणून तो शेवटचा धक्का बसला असेल, पण आठ जणांना घर तुम्हीच दिलं होतं. एलिमेंट बदलताना टाकीतला मॅग्नेशियमचा रॉडही बघायला सांगा. तो झिजून संपला असेल तर पुढची पाळी टाकीची.

हाच नियम बाकी यंत्रांनाही लावा, म्हणजे पुढच्या वेळी पटकन ठरवता येईल. टीव्हीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी फूट असेल तर काहीतरी आदळलंय. नुसत्या उभ्या रेषा किंवा अर्धा पडदा काळा असेल तर ते पॅनेलचं दुखणं आहे, पाहुण्यांचं नव्हे. मायक्रोवेव्हमध्ये स्टीलचा डबा ठेवला, ठिणग्या उडाल्या आणि आतली बाजू काळी झाली की लोक घाबरून नवा घेतात. पुष्कळदा आतल्या भिंतीवरचा अभ्रकाचा छोटा तुकडा जळलेला असतो, तिथे नवा कापून बसवला की काम होतं. वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपात नाणं किंवा वाळू सापडली तर पाहुण्यांची कृपा, पण ड्रम खडखडतोय म्हणजे बेअरिंग, आणि ते काळाने जातं. आणि मिक्सर जळला असा निरोप आला की आधी मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबायला सांगा. ओव्हरलोडने ट्रिप झालेला मिक्सर मेकॅनिककडे नेऊन दोनशे रुपये देऊन आणणारे मालक मी पाहिलेत.

आता पाहुण्यांना लिहायचं कसं. एअरबीएनबीवर नुकसानीची मागणी चेकआऊटपासून १४ दिवसांच्या आत करावी लागते. मागणी पाठवल्यावर पाहुण्याला उत्तरासाठी २४ तास असतात. त्याने नकार दिला किंवा उत्तरच दिलं नाही, तर तुम्ही कंपनीच्या सपोर्टला मध्ये घेऊ शकता. यजमानांसाठीचं त्यांचं संरक्षण ३० लाख डॉलरपर्यंतचं आहे, पण आपल्या ४,८०० रुपयांसाठी त्या आकड्याला अर्थ नाही. तिथे वापराने आलेली झीज धरली जात नाही आणि कागद नसेल तर काहीच धरलं जात नाही, एवढं लक्षात ठेवा. सगळं बोलणं अ‍ॅपमध्येच ठेवा. फोनवर भांडलात तर त्याची नोंद नाही, जीपेवर परस्पर पैसे मागितलेत तर उद्या तुमच्यावरच बोट. १४ दिवस पुष्कळ वाटतात, पण मेकॅनिक "उद्या येतो" म्हणत आठवडा घालवतो. मंगळवारपर्यंत त्याला घरी आणा.

मजकूर असा काहीतरी ठेवा:

"नमस्कार. तुम्ही गेल्यावर घर तपासताना फ्रीजरच्या आतल्या पत्र्याला टोकदार वस्तूने भोक पडलेलं दिसलं. गॅस गेल्यामुळे फ्रिज बंद आहे. तुम्ही येण्याआधीचा शुक्रवारचा व्हिडिओ, आत्ताचे फोटो आणि मेकॅनिकचा कागद सोबत जोडला आहे. दुरुस्तीचा खर्च ४,८०० रुपये आहे. कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, बर्फाचा ट्रे अडकला की असं होऊ शकतं. ग्रुपमध्ये एकदा विचारून बघाल का? रक्कम मी अ‍ॅपवरूनच मागते आहे."

यातलं शेवटून दुसरं वाक्य सगळ्यात कामाचं आहे. बुकिंग करणारा माणूस आठांतला एक असतो आणि सुरी बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या हातात होती. त्याला खरंच माहीत नसतं. त्याला चोर ठरवलंत तर तो हात वर करतो. ग्रुपमध्ये विचारायला सांगितलंत तर आठ जणांत सहाशे-सहाशे रुपये गोळा करणं त्यालाही सोपं जातं. मजकुरात रिव्ह्यूचा र सुद्धा काढू नका. "पैसे द्या, नाहीतर वाईट रिव्ह्यू" असं वाचता येईल अशी एक ओळही तुमची सगळी बाजू बिघडवते. रिव्ह्यू वेगळा लिहा, जे घडलं तेवढंच लिहा.

काही मालक लगेच पोलिसांपर्यंत जातात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये नुकसान करण्याचा गुन्हा आहे, पण त्यात हेतू किंवा नुकसान होणार याची जाणीव लागते. बर्फ काढताना सुरी निसटली, यात ती कुठून दाखवणार? ठाण्यात तुमचा दिवस जाईल. पाहुणे घरात असताना लक्षात आलं तर मूळ आधार कार्ड अडवून ठेवणं, गाडीपुढे गाडी लावणं, गेट बंद करणं हे प्रकार केअरटेकरला करू देऊ नका. पाच हजारांच्या दुरुस्तीपायी आपणच आरोपी व्हायचं.

भिंतीवरच्या पाटीचंही तसंच. "वस्तू तुटल्यास १०,००० दंड" असं लिहून दहा हजार हक्काचे होत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करारात रक्कम ठरलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि ती त्या रकमेच्या मर्यादेत. म्हणजे आकडा लिहायला हरकत नाही, पण तो कमाल आकडा समजायचा. थेट बुकिंग घेता तेव्हा याची खरी गरज पडते, कारण तिथे मध्ये कुणी नसतं. त्यासाठी डिपॉझिट भाड्यापासून वेगळं घ्या, वेगळ्या यूपीआय व्यवहाराने, शेऱ्यात "परतावा डिपॉझिट" लिहून. अटी बुकिंगच्या वेळीच मेसेजवर पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या. चेकआऊटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत परत करा, कापायचं असेल तर बिलाच्या फोटोसकट कापा. बिल न दाखवता डिपॉझिट दाबून ठेवणारा मालक ग्राहक आयोगात पाहुण्यासमोर हरू शकतो, कारण तिथे ग्राहक तो असतो, तुम्ही नव्हे. लोणावळ्यात काय, अलिबागेत काय, एजंटने घेतलेलं डिपॉझिट मालकापर्यंत पोहोचतच नाही अशी तक्रार नेहमीची आहे. ते थेट तुमच्या खात्यात येईल असं बघा.

घरात कॅमेरा बसवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. आत बसवू नका. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घरातल्या कॅमेऱ्यांवर बंदी घातली आहे, तो बंद असला तरी चालत नाही. आणि बंदी नसती तरी सुट्टीवर आलेल्या माणसाच्या ओट्यावर नजर ठेवणं मला पटत नाही. कॅमेऱ्याचं काम शुक्रवारचा व्हिडिओ करतो. केअरटेकरला ठरलेला क्रम द्या: टीव्ही चालू करून पडदा, फ्रीजर उघडून बर्फ, इंडक्शनची काच तिरप्या टॉर्चमध्ये, मायक्रोवेव्हची आतली बाजू, गीझरचा दिवा आणि गरम नळाखाली हात, एसीचं तापमान. बंद टीव्हीचा फोटो काहीच सिद्ध करत नाही. दोन-तीन मिनिटांचं काम आहे, पण प्रत्येक पाहुण्याआधी आणि प्रत्येक पाहुण्यानंतर. केअरटेकरला त्याचे वेगळे पैसे द्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात जुनाच व्हिडिओ पुन्हा येईल. आणि एखाद्या खेपेला त्याने व्हिडिओ काढला नाही म्हणून नुकसान त्याच्या पगारातून कापू नका. तसं झालं की पुढची मोडतोड तो तुम्हाला सांगणारच नाही.

आता थोडं तुमच्याबद्दल, रागावू नका. पाहुण्याने सुरी का घेतली? फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर झाला होता म्हणून. डायरेक्ट कूल फ्रिजच्या थर्मोस्टॅटच्या मधोमध बहुतेक वेळा डिफ्रॉस्टचं बटण असतं. दर गुरुवारी रात्री केअरटेकरने ते दाबायचं, शुक्रवारी सकाळी पाणी पुसायचं, एवढंच. दोन जास्तीचे रबरी आइस ट्रे ठेवा, फ्रिजच्या दारावर मराठी-हिंदीत एक ओळ लावा: "बर्फ अडकला तर ट्रेवर पाणी सोडा, सुरी नको." शक्य असेल तर शनिवारी संध्याकाळी केअरटेकरने बर्फाची पिशवी आणून द्यावी. दुरुस्तीच्या मानाने पिशवीचा खर्च नगण्य आहे. आणि घराच्या माहितीपत्रकात लिहा की काही तुटलं तर राहत असतानाच कळवा, लहानसहान गोष्टींचे पैसे घेणार नाही. तुटलेल्या ग्लासचे पैसे मागणाऱ्या मालकाला फुटलेल्या फ्रीजरबद्दल कुणी सांगत नाही.

हा फ्रिज दुरुस्त होत असेल तर करूनच घ्या, पाहुणे शुक्रवारी यायचे असतील तर भाड्याचा छोटा फ्रिज अलिबागेत मिळतो का ते आजच विचारा. बदलायचाच झाला तर फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फाचा थर न चढणारा, घ्या. त्यात वाहिन्या प्लास्टिकच्या भिंतीमागे असतात, सुरी तिथपर्यंत पोहोचत नाही. घेताना वॉरंटीची अट वाचा. बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी घरगुती वापरापुरती असते आणि भाड्याने दिलेलं घर त्यात बसत नाही. दुकानदार "मॅडम, कुणी बघत नाही" म्हणेल, पण सर्व्हिसचा माणूस नागावला येऊन दारावरची बंगल्याची पाटी वाचतो, तेव्हा तो बघतो. विम्याचंही तसंच. घराची साधी पॉलिसी काढली असेल तर घर पाहुण्यांना देता हे विमा कंपनीला लेखी कळवा, आणि यंत्र बिघडण्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं का ते विचारून घ्या.